‘त्या डोळ्यात काही उरलं नाही’ हे इतक्यात कोणी ठरवू नये

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. तिचा उजवा डोळा अधूनमधून बाहेरच्या बाजूला जातो असं वाटायचं, म्हणून दाखवायला नेलं. डाव्या डोळ्यावर हात ठेवला की ती चिडते, हात ढकलून देते. बाहुली मोठी करून तपासल्यावर डॉक्टर म्हणाले, ‘उजव्या डोळ्याची नस जन्मतःच वेगळी आहे. मॉर्निंग ग्लोरी डिस्क म्हणतात. याला औषध नाही, त्या डोळ्यात फारसं काही उरलेलं नाही.’ दुसऱ्या डॉक्टरांनी चष्मा दिला, डाव्या डोळ्यावर रोज चार तास पट्टी लावायला सांगितली आणि मेंदूचा एमआरआय लिहून दिला. दोष डोळ्यात आणि तपासणी मेंदूची, हे मला कळेना. नस बदलता येत नसेल तर पट्टी लावून पोरीला रडवायचं कशाला, असं घरातले म्हणतात. पोटात असताना चौथ्या महिन्यात मला खूप खोकला झाला होता, तेव्हा औषध घेतलं होतं. त्यामुळे झालं का? रात्री झोप लागत नाही. आणखी एक. माझ्या धाकट्या बहिणीलाही नुकतंच ‘डिस्क तिरकी आहे, काचबिंदूची शंका आहे’ असं सांगितलंय. हे आमच्या घराण्यातच आहे का? मुलीच्या डोळ्याचा फोटो सोबत पाठवते आहे.
— एक आई

उत्तर :

ताई,

आधी खोकल्याच्या औषधाचं बोलू, कारण तुमची झोप त्याने उडवली आहे. बाळाचा डोळा गर्भधारणेच्या चौथ्या आठवड्यापासून एखाद्या पेल्यासारखा घडायला लागतो. त्या पेल्याला खालच्या बाजूने एक फट असते आणि ती पाचव्या ते सातव्या आठवड्यात मिटते. नस जिथून डोळ्याबाहेर पडते, त्या जागेचा पाया याच दिवसांत घातला जातो, आणि तुमच्या मुलीच्या डोळ्यातल्यासारखा खोलगट दोष याच घडणीतला. चौथ्या महिन्यात तुम्ही औषध घेतलंत, तोवर ही जागा आखून झाली होती. पाचव्या-सहाव्या आठवड्यात तर कित्येक बायकांना दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. तुमच्या हातून काही घडलं म्हणून हे झालेलं नाही. हे मी धीर द्यायचा म्हणून लिहीत नाही, वेळेचा हिशेबच तसा आहे.

आता फोटो. नारिंगी-लालसर पार्श्वभूमी म्हणजे डोळ्याचा पडदा. त्यावर एक गोल दिसतो, ती डिस्क. पडद्यावरचे सगळे तंतू, दहा ते बारा लाख, इथे गोळा होतात आणि जुडी बांधल्यासारखे मागे मेंदूकडे जातात. इतकी गर्दी जेमतेम दीड-दोन मिलिमीटरच्या जागेत. डिस्कवर प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात, त्यामुळे धडधाकट डोळ्यातही ही जागा आंधळीच. करून बघा : डावा डोळा मिटा, दोन्ही अंगठे समोर हात लांब करून शेजारी-शेजारी धरा. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याकडेच बघत राहा आणि उजवा अंगठा हळूहळू बाहेर सरकवा. वीतभर जायच्या आतच त्याचं टोक नाहीसं होतं, आणि थोडं पुढे गेल्यावर परत दिसतं. ते नाहीसं झालं, ती तुमची डिस्क. एद्म मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६६० च्या दशकात हे शोधलं, तेव्हा जिवंत माणसाची डिस्क कोणी पाहिलेलीही नव्हती. ती दिसायला लागली १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत बघायचं यंत्र जगापुढे मांडलं तेव्हापासून.

नेहमीची डिस्क सपाट असते, मध्ये थोडी खळगी, आणि मधून निघालेल्या रक्तवाहिन्या फांद्यांसारख्या फुटत जातात. तुमच्या मुलीच्या फोटोत डिस्क एका नरसाळ्याच्या तळाशी बसली आहे. मध्ये पांढरा पुंजका आहे, भोवती काळसर कडं आहे, आणि रक्तवाहिन्या नेहमीपेक्षा जास्त आहेत. त्या काठावरून चाकाच्या आऱ्यांसारख्या सरळ बाहेर निघतात. १९७० मध्ये किंडलर नावाच्या डॉक्टरांना हे चित्र सकाळी उमलणाऱ्या कर्ण्यासारख्या फुलासारखं दिसलं आणि त्यांनी ते नाव दिलं. फोटोवरून निदान पटण्याजोगं आहे, पण त्यावर शिक्का तुमच्या डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासूनच मारायचा.

पहिल्या डॉक्टरांच्या वाक्यातला पूर्वार्ध बरोबर आहे. डिस्कचा आकार बदलणारं औषध नाही. उत्तरार्ध मात्र मला मान्य नाही. ‘त्या डोळ्यात काही उरलं नाही’ हे डिस्क बघून सांगता येत नाही.

मी हे इतकं ठामपणे लिहितो त्यामागे माझीच एक चूक आहे. नवीन असताना मी एका चार वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांना असंच सांगून घरी पाठवलं होतं. तीन वर्षांनी ते दुसऱ्याच तक्रारीसाठी आले. तेव्हा कळलं की त्या डोळ्याला चष्म्याचा मोठा नंबर होता आणि तो कधी कोणी दिलाच नव्हता. चष्मा आणि पट्टी सुरू केली. ६/३६ वरून, म्हणजे निरोगी डोळ्याला ३६ मीटरवरून दिसतं ते जेमतेम सहा मीटरवरून दिसण्यावरून, मूल ६/१८ पर्यंत आलं. चौथ्या वर्षी सुरू केलं असतं तर कुठवर गेलं असतं, हा प्रश्न माझ्याजवळ कायमचा राहिला.

अशा डोळ्याची नजर दोन कारणांनी कमी असते. एक कारण नसेच्या घडणीचं, त्याला हात लावता येत नाही. दुसरं म्हणजे आळशीपणा. एका डोळ्याकडून धूसर चित्र यायला लागलं की मेंदू ते सोडून देतो आणि चांगल्या डोळ्याचंच ऐकतो. मग खराब डोळा जितकं बघू शकला असता तितकंही बघायला शिकत नाही. त्यात नंबर असला किंवा तिरळेपणा असला की हे आणखी वाढतं. हा दुसरा भाग बरा होऊ शकतो, पण तो किती आहे हे कुठल्याही मशीनवर उमटत नाही. नीट चष्मा देऊन, चांगला डोळा झाकून, काही महिने प्रयत्न केल्यावर जे परत येतं, तेवढा आळशीपणा होता. जे येत नाही, ते नसेचं. म्हणजे पट्टी हा उपचारही आहे आणि तपासणीही.

किती आशा धरावी? मॉर्निंग ग्लोरीच्या बऱ्याच डोळ्यांची नजर ६/६० च्या आसपास किंवा त्याखालीच राहते. काही मात्र ६/१२ पर्यंत, क्वचित त्याहूनही पुढे गेलेले आहेत. तुमची मुलगी कुठल्या गटात बसेल हे आज कोणीच सांगू शकत नाही. मेंदू शिकायला सर्वांत तयार असतो तो साधारण सात-आठ वर्षांच्या आत. तिच्याजवळ वेळ आहे, पण वाया घालवण्याइतका नाही.

पट्टीचं तंत्र सांगतो, कारण बहुतेक पट्ट्या इथेच फसतात. पट्टी कातडीला चिकटणारी हवी. चष्म्याच्या काचेवर लावलेली असली की मुलं मान वाकडी करून बाजूने बघतात, आणि मग आपण फक्त तास मोजत बसतो. चष्मा पट्टीच्या वरून घालायचा. तो डोळ्यात थेंब घालून काढलेल्या नंबराचा असावा, हे एकदा विचारून घ्या. चार तास सलग झालेच पाहिजेत असं नाही, दोन-दोनचे तुकडे चालतात. त्या वेळेत तिला जवळचं, हाताने करायचं काम द्या : मणी ओवणं, मोठ्या चित्रांत रंग भरणं, चित्रातल्या वस्तू शोधणं. पहिले आठ-दहा दिवस फार कठीण जातात. तिच्या बाजूने विचार करा. तिचं चांगलं दिसणारं जग कोणीतरी झाकून टाकतंय, तेव्हा ती चिडणारच. त्या दिवसांत अर्ध्या तासापासून सुरू करून वाढवत गेलात तरी चालेल, फक्त डॉक्टरांना तसं सांगा. जिन्यावर आणि रस्त्यावर पट्टी लावून एकटीला सोडू नका.

घरातल्यांना सांगा की हे आयुष्यभराचं नाही. तीन ते सहा महिने खरोखर पट्टी लावूनही एकाही ओळीचा फरक पडला नाही, तर मी स्वतः ती बंद करायला सांगेन, आणि तेव्हा तिला रडवण्यात अर्थ नाही हे त्यांचं म्हणणं योग्य ठरेल. आज ते योग्य नाही.

आता मेंदूचा एमआरआय. डोळ्याची नस ही हातापायांच्या नसांसारखी नसते, ती मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे. म्हणून नसेच्या टोकाची घडण अशी वेगळी असली की मधल्या रेषेतल्या शेजाऱ्यांकडेही बघावं लागतं. मॉर्निंग ग्लोरीत दोन गोष्टी शोधायच्या असतात.

पहिली, कवटीच्या तळाच्या हाडात फट. तिच्यातून मेंदूचं आवरण, कधी मेंदूचा भागही, नाकाच्या मागे फुग्यासारखा उतरतो. डोळ्यांमधलं अंतर जास्त असणं, नाकाचा पूल बसका असणं, वरच्या ओठाच्या मधोमध खाच किंवा टाळूला फट असणं, मूल सतत तोंडाने श्वास घेणं या त्याच्या बाहेरच्या खुणा. तुमच्या मुलीत यातलं काही असेल तर डॉक्टरांच्या नजरेला आणून द्या. नसेल तरी तपासणी टाळू नका. हा फुगा नाकातल्या साध्या कोंबासारखा दिसतो, आणि कोणी कोंब समजून त्याचा तुकडा काढला तर मेंदूभोवतीचं पाणी नाकात गळून मेंदूज्वराचा धोका निर्माण होतो. म्हणून अहवाल येईपर्यंत तिच्या नाकाची कुठलीही शस्त्रक्रिया होऊ देऊ नका. त्याच फटीजवळ शरीराची संप्रेरकं सांभाळणारी पिट्यूटरी ग्रंथी असते. ती दुखावलेली असेल तर वाढ खुंटते, थायरॉइड आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं कमी पडू शकतात. तिच्या उंची-वजनाच्या नोंदी असतील तर सोबत न्या.

दुसरी गोष्ट मेंदूच्या रक्तवाहिन्यांची. काही मुलांत त्या हळूहळू अरुंद होतात आणि भोवती बारीक वाहिन्यांचं जाळं तयार होतं. चित्रात ते धुराच्या लोटासारखं दिसतं, म्हणून जपानी डॉक्टरांनी त्याला मोयामोया हे नाव दिलं. अशा मुलांना जोरात रडल्यावर किंवा सारखं फुंकल्यावर काही मिनिटं एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो, बोबडी वळते, आणि परत ठीक होतं. असं कधीही झालं तर ‘बरी झाली की’ म्हणून घरी थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा. साध्या एमआरआयमध्ये या वाहिन्या पुरेशा उलगडत नाहीत, म्हणून सोबत एमआर अँजिओग्राफीही लिहिली आहे ना, हे बघून घ्या. चिठ्ठीत नसेल तर विचारा. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. या वयाची मुलं स्थिर राहत नाहीत, त्यामुळे झोपेचं औषध किंवा भूल लागू शकते आणि त्यासाठी काही तास उपाशी ठेवावं लागतं. पुष्कळ मुलांचे अहवाल ठीक येतात, तरी तपासल्याशिवाय आपली मुलगी त्यांत आहे असं धरून चालता येत नाही.

डोळ्यातच राहणारा धोका एकच, पण मोठा : पडदा सुटणं. वेगवेगळ्या नोंदींमध्ये अशा डोळ्यांपैकी साधारण चौथा ते तिसरा हिस्सा कधी ना कधी पडदा सुटलेले आढळले आहेत. मूल तक्रार करत नाही, कारण त्या डोळ्याने ते आधीच कमी बघत असतं. म्हणून दर सहा महिन्यांनी बाहुली मोठी करून तपासणी हवी, पट्टी बंद झाल्यावरही. मधल्या काळात तिरळेपणा एकाएकी वाढला, पट्टी लावल्यावर आधी जमणारं काम तिला जमेनासं झालं, किंवा फोटोत बाहुली पांढरी चमकायला लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.

नस बदलण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण आज ना उद्या कोणीतरी तुमच्या कानावर घालेलच. २०२३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये संपूर्ण डोळ्याचं पहिलं प्रत्यारोपण झालं. डोळा जगला, पडद्यात रक्त खेळू लागलं, नजर मात्र आली नाही. लाखो तंतू कापून पुन्हा मेंदूत जागच्या जागी जोडणं आजही जमत नाही. ‘स्टेम सेल’ची इंजेक्शनं देऊन नस जिवंत करू असं सांगणारे भेटतील. २०१७ मध्ये अमेरिकेत तीन स्त्रियांची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पडद्याच्या आजारासाठी त्यांनी दोन्ही डोळ्यांत अशी इंजेक्शनं घेतली होती आणि होती ती नजरही घालवून बसल्या. तुमच्या मुलीला अशा ठिकाणी नेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

बहिणीचं वेगळं आहे. तिरकी डिस्क हा अगदी निराळा आणि खूप जास्त आढळणारा प्रकार, साधारण शंभरात एक-दोघांना असतो. नस डोळ्यात थोडी आडवी शिरते, त्यामुळे डिस्क लांबट आणि एका बाजूला कललेली दिसते, आणि बहुधा सोबत उणे नंबर किंवा सिलिंडर असतो. त्यात नजरेच्या वरच्या बाहेरच्या भागात थोडी कमतरता येऊ शकते. ती वर्षानुवर्षं तशीच राहते आणि पुष्कळदा योग्य नंबराची काच लावून चाचणी केली की कमी होते. अडचण अशी की नसेच्या थरांची जाडी मोजणारं ओसीटी मशीन प्रत्येक डोळ्याची तुलना सरळ डिस्कवाल्या डोळ्यांशी करतं आणि तिरकीला लाल रंग देतं. तो लाल रंग बघून कित्येकांच्या डोळ्यांत काचबिंदूचे थेंब वर्षानुवर्षं पडत राहतात. उलट, तिरकी डिस्क असलेल्याला खरा काचबिंदूही होऊ शकतो. त्यामुळे तिला सांगा : डोळ्याचा दाब, डिस्कचा फोटो, ओसीटी आणि फील्ड (नजरेचा विस्तार मोजणारी चाचणी) हे सगळं आज करून जपून ठेव, आणि काही महिन्यांनी पुन्हा करून दोन्ही शेजारी ठेवून बघायला सांग. काचबिंदू वाढत जातो, तिरकेपणा जागचा हलत नाही. दाब जास्त असेल किंवा फील्ड बिघडत असेल तर थेंब जरूर घ्यावेत.

दोघींच्या दोषांचा एकमेकींशी संबंध नाही. घराण्यात उतरू शकणारे प्रकार वेगळे. त्यातला एक कोलोबोमा, म्हणजे मी वर सांगितलेली फट पूर्ण न मिटणं. त्यात खळगा डिस्कच्या आत, खालच्या अर्ध्यात असतो. मॉर्निंग ग्लोरीत अख्खी डिस्कच खळग्यात असते. पण सगळ्याच डोळ्यांत हा फरक इतका स्वच्छ दिसत नाही, म्हणून तुम्ही आणि तिच्या वडिलांनी एकदा बाहुली मोठी करून तपासून घ्या. सौम्य कोलोबोमा असलेल्या आईबापांना तो आयुष्यभर माहीत नसतो. डिस्कचे काही दोष मूत्रपिंडाच्या दोषासोबत येतात, त्यामुळे निदानाबद्दल जराही शंका राहिली तर मुलीची लघवीची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी डॉक्टरांना विचारा.

उरला तिचा डावा डोळा. मुलीच्या पुढच्या सगळ्या वर्षांचा भार त्याच्यावर आहे. नंबर असो वा नसो, चष्मा पॉलिकार्बोनेट काचेचाच घ्या, ती फुटून डोळ्यात शिरत नाही. झोप सोडली तर तो कायम डोळ्यावर असावा, पट्टीची वर्षं संपल्यावरही. चेंडूचे खेळ बंद करू नका, संरक्षक चष्मा घालून खेळू द्या. एका डोळ्यावर वाढलेली मुलं अंतराचा अंदाज सावल्यांवरून, आकारावरून, मान हलवून बांधायला आपोआप शिकतात. वर्गात तिला फळ्याच्या उजव्या अंगाला बसवायला सांगा, म्हणजे फळा तिच्या डाव्या हाताला येईल. पट्टीमुळे चांगला डोळाही क्वचित मंदावतो, म्हणून सांगितलेल्या तासांपेक्षा जास्त पट्टी उत्साहाने लावू नका आणि तपासणीची तारीख चुकवू नका.

एक छोटी वही करा. रोज पट्टी किती वेळ राहिली ते लिहा. शून्य असेल त्या दिवशी शून्य लिहा, दुसऱ्या कोणाकडे सोपवलं असेल तर त्यांनाही खरं लिहायला सांगा. सहा आठवड्यांनी ती वही आणि चष्मा घेऊन डॉक्टरांकडे जा. नजर वाढली नसेल तर पट्टी पुरेशी लागली नाही की नस तेवढीच साथ देते, हे त्यांना त्या वहीवरूनच ठरवता येईल.